'हाफ मर्डर'ची केस लागली तर: शस्त्राने मारहाणीच्या गुन्ह्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात सकाळी अकराच्या सुमारास आलात तर रात्रभर न झोपलेली दोन-चार कुटुंबं हमखास दिसतील. पोरगा पानठेल्यावर कुणाशी तरी भिडला, चाकू निघाला, एकाला मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, न्यावं लागलं आणि पहाटे दारात पोलीस. मी फौजदारी बाजूला वकिली करतो. तीच कुटुंबं तेच प्रश्न तितक्याच घाईत विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय. तुमच्या केसचा सल्ला मात्र कागद बघितलेल्या वकिलाकडूनच घ्या.

पोलीस म्हणतात 'हाफ मर्डर' लावलाय. हे कोणतं कलम?

कायद्याच्या पुस्तकात 'हाफ मर्डर' नावाचा गुन्हा नाही. आपल्याकडे खुनाच्या प्रयत्नाला तसं म्हणतात. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचं कलम ३०७ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०९ आहे. पण घाबरलेल्या घरात चाकूचं नाव आलं की सगळंच 'हाफ मर्डर' होतं, आणि बऱ्याचदा एफआयआरवर कलम वेगळंच असतं. म्हणून पहिलं काम एकच: एफआयआरची प्रत काढा. फिर्यादीला ती पोलीस ठाण्यातून फुकट मिळते. संवेदनशील प्रकरणं सोडली तर एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही टाकली जाते.

साधारणपणे चारपैकी एक आकडा दिसतो. हाताबुक्क्यांनी साधी दुखापत असेल तर ११५(२): एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. हा अदखलपात्र गुन्हा, म्हणजे एफआयआर नाही, ठाण्यात नुसती एनसीची नोंद. शस्त्राशिवाय गंभीर दुखापत असेल तर ११७(२), सात वर्षांपर्यंत. शस्त्राने साधी दुखापत असेल तर ११८(१), तीन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शस्त्राने गंभीर दुखापत असेल तर ११८(२): कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त दहा वर्षं किंवा थेट जन्मठेप, वर दंड. त्याच्याही वर १०९. त्यात दहा वर्षांपर्यंत, आणि प्रयत्नात कुणाला इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत.

यातली एक गंमत नवख्या वकिलांनाही चकवते. सात वर्षांची शिक्षा असलेलं ११७(२) जामीनपात्र आहे आणि तीन वर्षांची शिक्षा असलेलं ११८(१) अजामीनपात्र. त्यामुळे नुसत्या वर्षांचा आकडा बघून धीर धरू नका आणि घाबरूही नका.

घटना दोन वर्षांपूर्वीची आहे. कायदा जुना लागेल की नवा?

घटनेची तारीख बघा. १ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा असेल तर दंड संहितेची कलमं, म्हणजे ३२४, ३२६, ३०७. त्या दिवसापासून पुढच्या गुन्ह्यांना न्याय संहिता.

काठी, दगड, कमरेचा पट्टा हे पण शस्त्रच का?

इथे खरी लढाई असते. कलम ११८ मध्ये गोळी झाडण्याचं, भोसकण्याचं किंवा कापण्याचं साधन येतं. शिवाय हत्यार म्हणून वापरल्यास जीव जाण्याचा संभव आहे अशी कुठलीही वस्तू, आग, तापलेला पदार्थ, विष, ॲसिड, स्फोटक, इतकंच काय, अंगावर सोडलेला कुत्रासुद्धा येतो. चाकू, गुप्ती, कोयता, सत्तूर यांच्याबद्दल वाद घालायला फारशी जागा नसते. काठी आणि दगडाचं तसं नाही. केवढी काठी, कशाची, कुठे मारली, किती जोरात, यावर न्यायालय ठरवतं. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर फिरवायची बारीक काठी आणि लोखंडी कडी बसवलेली लाठी एका मापाने मोजता येत नाहीत.

समजा लाठीने हाताचं हाड मोडलं. पोलीस ११८(२) लावतात. लाठी 'धोकादायक साधन' नव्हती हे पटवता आलं तर तीच केस ११७(२) वर उतरते: जामीनपात्र, आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोडही होऊ शकते. त्यामुळे जप्ती पंचनाम्यात काठीची लांबी, जाडी आणि वजन लिहिलंय की नाही, हे मी आधी बघतो. नुसतं 'एक लाकडी दांडा' लिहिलेले पंचनामे मी कितीतरी पाहिलेत.

आणि हो, दात. कडकडून चावा घेतला म्हणून जुनं ३२६ लावलेलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. माणसाचे दात हे घातक शस्त्र नव्हे, असं न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं.

जखम साधी की गंभीर, हे कोण ठरवतं?

आधी डॉक्टर, शेवटी न्यायाधीश. फिर्यादीत 'जबर जखमी' लिहिलं म्हणून जखम गंभीर होत नाही. कायद्यात गंभीर दुखापतीची यादीच दिली आहे: डोळा किंवा कान कायमचा निकामी होणं, अवयव किंवा सांधा जाणं अथवा कायमचा दुबळा होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं, सांधा निखळणं, पुंस्त्व नष्ट होणं, आणि जीव धोक्यात आणणारी किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना देणारी, रोजचं काम करू न देणारी दुखापत. जुन्या कायद्यात हे दिवस वीस होते.

याचे परिणाम विचित्र असतात. दंडावर बारा टाके पडले, शर्ट रक्ताने भिजला, पण हाड शाबूत आहे, तर ती जखम कायद्याने साधी ठरू शकते. आणि एक बोट मुरगळून त्याला बारीक फ्रॅक्चर झालं की गंभीर! त्यामुळे मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांतून आलेलं दुखापत प्रमाणपत्र हा अशा केसचा कणा असतो. त्यात जखमेची लांबी-खोली, ती किती तासांपूर्वीची, धारदार वस्तूने झाली की बोथट, आणि एक्स-रेत काय दिसलं, हे बघा. जखमीला आणल्याबरोबर नोंदवलेल्या एमएलसीत, म्हणजे पोलीस केस म्हणून दवाखान्याने केलेल्या नोंदीत, त्याने स्वतः काय सांगितलं तेही वाचा. 'गाडीवरून पडलो' असं तिथे लिहिलेलं असेल आणि फिर्याद चाकूची असेल, तर उलटतपासाला तेवढं पुरतं. पहिला शेरा बऱ्याचदा तात्पुरता असतो, अंतिम मत नंतर येतं. दोन्ही मागा.

खुनाच्या प्रयत्नात मात्र जखमेपेक्षा हेतू मोठा. साधी जखम असूनही १०९ टिकू शकतं, आणि खोल जखम असूनही ते पडू शकतं. वार गळ्यावर, छातीत की मांडीवर, एक की अनेक, पळणाऱ्याला गाठून केला की झटापटीत लागला, आधी धमकी होती का, हे सगळं तपासलं जातं.

कलम नंतर बदलतं का?

बदलतं, दोन्हीकडे. अंतिम मेडिकल मतानंतर ११८(१) चं ११८(२) होतं, कधी १०९ गळून पडतं. जखमी दवाखान्यात दगावला तर प्रकरण खुनाचं किंवा सदोष मनुष्यवधाचं होतं, आणि आधी मिळालेल्या जामिनाच्या भरवशावर राहता येत नाही. वाढलेल्या कलमासाठी पोलीस न्यायालयाकडे अटकेची परवानगी मागू शकतात. जामीन झाला म्हणून पोराला सरळ गावाला पाठवून मोकळं होऊ नका, जखमीची प्रकृती कशी आहे ते कानावर असू द्या.

अटक लगेच होते का? आत किती दिवस राहावं लागेल?

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात, म्हणजे ११८(१) मध्येही, अटक आपोआप होत नाही. गरज काय ते पोलिसांनी लिहून द्यायचं असतं, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. नोटीस आली तर जा. न गेल्यास अटकेचं कारण तुम्हीच हातात देता.

११८(२) आणि १०९ ला ते संरक्षण नाही. अटक झाली की तिची कारणं सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं बंधनकारक आहे. तिथे पीसीआर किंवा एमसीआर ठरतो. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, तपासासाठी. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे वर्धा रोडचं सेंट्रल जेल. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांहून जास्त मिळत नाही, पण नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) ते पंधरा दिवस तुकड्या-तुकड्यांनी पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत घेता येतात. एकदा एमसीआर झाला की पीसीआरची भीती संपली, हे जुनं गणित आता चालत नाही.

दोषारोपपत्राची, म्हणजे पोलिसांच्या चार्जशीटची, मुदत कॅलेंडरवर खूण करून ठेवा. ११८(१) ला साठ दिवस, ११८(२) आणि १०९ ला नव्वद. त्या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो, पण त्यासाठी अर्ज तुम्हालाच करावा लागतो. अर्ज करायच्या आधी दोषारोपपत्र येऊन पडलं की तो हक्क गेला.

त्याने पोलिसांपुढे सगळं कबूल केलं. संपलं का सगळं?

नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरता येत नाही. अपवाद एक, पण जबरदस्त. 'चाकू नाल्याजवळच्या झुडपात टाकला, दाखवतो' असं सांगून त्याने तो पंचांसमक्ष काढून दिला, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. मग त्यावरच्या रक्ताचा सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, जुळतो का ते बघितलं जातं.

आणि घरच्यांनो, हत्यार धुवू नका, फेकू नका, रक्ताचा शर्ट जाळू नका. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि पोरासोबत त्यात भाऊ किंवा वडीलही आरोपी होऊन बसतात.

जामीन कुठे मागायचा?

११८(१) मध्ये मॅजिस्ट्रेटकडेच बरेचदा काम होतं. ११८(२) ला शिक्षा जन्मठेपेपर्यंत असल्याने मॅजिस्ट्रेट अनेकदा हात आखडतात, मग सत्र न्यायालय. १०९ साठीही तिथेच, आणि तिथेही नाही झालं तर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. अर्ज केला की पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवला जातो. तो येईपर्यंत एक-दोन तारखा जातात, त्याला इलाज नाही.

जामीन देताना न्यायालय जखमीची प्रकृती, हत्यार मिळालं की नाही, आधीचे गुन्हे आणि साक्षीदारांवर दबाव येईल का, हे बघतं. त्यातल्या शेवटच्या मुद्द्यावर सर्वाधिक जामीन घरचेच घालवतात. 'समजावायला' म्हणून फिर्यादीच्या दारात जाऊन उभे राहतात. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या 'से'मध्ये ते धमकी म्हणून लिहिलेलं असतं.

अटकपूर्व जामीन?

सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात. हत्यार जप्त व्हायचं बाकी असेल तर अवघड. ॲट्रॉसिटी कायद्याची कलमं लागली असतील किंवा मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) असेल, तर तो दरवाजा जवळपास बंदच असतो.

जामीनदार कसा लागतो?

ज्याची पत दाखवता येईल असा ओळखीचा माणूस. सातबारा, घरटॅक्सची पावती, पगाराची स्लिप, आधार असे कागद लागतात. न्यायालयाच्या आवारात 'जामीनदार लावून देतो' म्हणणारे भेटतील. बनावट कागदांवर झालेला जामीन उघडकीला आला तर पोरगा परत आत आणि तुमच्यावर फसवणुकीचा गुन्हा. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: आदेश झाल्यावर सुटकेचे कागद वेळेत जेलला पोचले नाहीत, तर ती रात्र आतच जाते. शनिवारी-रविवारी तर विचारूच नका.

माझा भाऊ फक्त सोबत होता, त्याने हातही लावला नाही.

हा प्रश्न रोजचा. समान इराद्याचं तत्त्व, आता कलम ३(५), सांगतं की ठरवून केलेल्या कृत्याला सगळे सारखेच जबाबदार. पाच किंवा त्याहून जास्त जण असतील तर बेकायदेशीर जमाव, आणि घातक शस्त्रासह दंगलीला वेगळी पाच वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे धरून ठेवणारा आणि गाडी चालू ठेवून उभा असलेलाही अडकतो. पण नुसतं तिथे असणं म्हणजे इरादा नव्हे. वाद अचानक पेटला होता का, हत्यार त्याला माहीत होतं का, तो सोडवायला मध्ये पडला का, याची सीसीटीव्ही चित्रं आणि कॉल रेकॉर्ड लवकर मागा. दुकानांचे कॅमेरे जुनं चित्रण थोड्याच दिवसांत पुसतात. फिर्याद देणारे कधी कधी भांडणात नसलेल्या काका-मामांचीही नावं लिहून देतात, हेही न्यायालयांना चांगलं ठाऊक आहे.

आधी त्यांनीच मारलं. आम्ही बचाव केला.

स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तर तो बराच मोठा आहे. पण गरजेपुरताच. समोरचा पडल्यावर, पळू लागल्यावर घातलेला वार बचाव राहत नाही. तुमच्या अंगावरही जखमा असतील तर त्याच रात्री दवाखान्यात नोंद करून घ्या आणि तुमची तक्रार द्या. बहुतेक जण हे तीन दिवसांनी करतात, तेव्हा ती 'बनाव' वाटते. दोन्हीकडून गुन्हे दाखल झाले तर शक्यतो एकाच न्यायाधीशापुढे, पाठोपाठ चालवले जातात.

अचानक आणि तीव्र चिथावणीतून मारहाण झाली असेल तर शिक्षा खाली येते. गंभीर दुखापतीला पाच वर्षांपर्यंत, साधीला महिनाभरापर्यंत. 'तो माझ्याकडे बघून हसला' ही चिथावणी नव्हे.

चाकू खिशात होता, काढलाच नाही.

नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, घरकामाची किंवा शेतीची नसलेली हत्यारं शस्त्र कायद्याखाली येतात. एक ते तीन वर्षं. विनापरवाना देशी कट्टा सापडला तर दोन ते पाच. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू असेल तर त्याच अधिनियमाचं १३५ लागतं. बातम्यांत वाचता ते '४/२५' (शस्त्र कायद्याची कलमं) आणि '१३५' हेच.

आपसात मिटलं. केस मागे घेता येईल?

पोलीस ठाण्यात स्टॅम्प पेपर देऊन नाही. फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा असतो, फिर्यादी त्याचा मालक नसतो. कलम ११८ आणि १०९ तडजोडपात्र गुन्ह्यांच्या यादीत नाहीत. मार्ग आहे तो उच्च न्यायालयाचा: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज. सर्वोच्च न्यायालयाच्या ग्यान सिंग (२०१२) आणि नरिंदर सिंग (२०१४) या निकालांचा आधार घेतला जातो. खुनाच्या प्रयत्नात न्यायालय जखम कुठे आहे, हत्यार काय होतं, वैद्यकीय पुरावा कलमाला पोसतो का हे बघून ठरवतं. चाळीतल्या दोन घरांचं भांडण असेल तर आशा असते, टोळीची केस असेल तर नसते.

साक्षीदाराला 'फिरवणं' हा मार्ग मी सांगणार नाही. जखमी साक्षीदार फितूर झाला तरी डॉक्टर, पंच आणि कॅमेरा फितूर होतीलच असं नाही.

मुलगा सतरा वर्षांचा आहे.

मग तो बाल न्याय मंडळापुढे जातो, जेलमध्ये नाही. शाळेचा दाखला किंवा महापालिकेचा जन्मदाखला पहिल्याच दिवशी द्या. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढासारखं चालवण्याची तरतूद किमान सात वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्यांसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तसं स्पष्ट केलं. ११८(२) ला किमान एकच वर्ष आहे, १०९ ला किमान शिक्षा सांगितलेलीच नाही.

नोकरी, पासपोर्ट यांचं काय?

गुन्हा दाखल होणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे, तरी झळ लगेच बसते. राज्य सरकारी कर्मचारी ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित मानला जातो. पोलीस भरतीच्या पडताळणी अर्जात केस लपवू नका. लपवणं हेच नोकरी जाण्याचं कारण ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात याचे निकष सांगितलेत. खटला चालू असताना पासपोर्टसाठी न्यायालयाची परवानगी लागते. नगरसेवकपदाची स्वप्नं असणाऱ्यांनीही केस लपवायच्या भानगडीत पडू नये, उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात ती लिहावीच लागते.

तडीपार, एमपीडीए, मकोका म्हणजे काय? पहिल्याच केसला लागतात का?

सहसा नाही. तडीपारी म्हणजे हद्दीबाहेर काढणं, ती पोलीस अधिनियमाखाली दोन वर्षांपर्यंत होते. एमपीडीए म्हणजे 'धोकादायक व्यक्ती' ठरवून खटल्याशिवाय बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता. मकोकाला संघटित टोळी आणि मागच्या दहा वर्षांतली एकाहून जास्त दोषारोपपत्रं लागतात. पण दुसरी-तिसरी केस होताना हे कागद हळूहळू तयार होत असतात, आणि घरच्यांना ते शेवटी कळतं. चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डसाठी एसीपींकडून नोटीस आली असेल तर ती किरकोळ समजू नका. तोच पहिला कागद.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हा १९८७ च्या विधी सेवा कायद्यातला हक्क आहे. न्यायालयातल्याच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. फुकटचा वकील म्हणजे कामचुकार, असं समजू नका. खासगी वकिलांपेक्षा जास्त रिमांड त्यांनी पाहिलेले असतात.

आमचा माणूस जखमी आहे. आम्ही काय करायचं?

आधी उपचार. पोलीस येईपर्यंत थांबा असं दवाखाना म्हणू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय. फिर्यादीत दिसलं तेवढंच लिहा, जोडून नावं घालू नका. एक खोटं नाव उलटतपासात पडलं की खऱ्या नावांवरही शंका येते. ठाण्याची हद्द कुठली याचा वाद न घालता कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. जामिनाला विरोध करायला तुमचा वकील उभा राहू शकतो, आणि निर्दोष सुटकेवर तुम्हाला स्वतंत्र अपील आहे.

खटला किती वर्षं चालतो?

मी तारीख सांगणार नाही, कोणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. दोषमुक्तीचा, म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच वगळण्याचा, अर्ज मात्र मुदतीत करा. नव्या कायद्यात त्याला साठ दिवस दिलेत. मॅजिस्ट्रेटपुढे ते कागदांच्या प्रती मिळाल्यापासून मोजतात, आणि सत्र न्यायालयात खटला तिथे सोपवल्यापासून. पहिलाच गुन्हा आणि ११८(१) असेल तर शिक्षा झाली तरी परिवीक्षेवर, म्हणजे जेलऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, सोडण्याची मागणी करता येते. ११८(२) ला जन्मठेपेची तरतूद असल्यामुळे तो रस्ता नाही. तारखेला न जाण्याने वॉरंट निघतं, आणि वॉरंट घेऊन पोलीस येतात ते बहुधा लग्नाच्या मांडवात किंवा नोकरीच्या ठिकाणी. पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर दिसते. केस क्रमांक मोबाईलमध्ये साठवून ठेवा.